इर्जिकीचं जेवण

आलुबोंडा मधोमध फोडायचा, दोन्ही अर्धुकं उजेडात धरून निरखायची आणि मगच तोंडात टाकायचा, असा सरांचा नियम होता. वडशाच्या स्टेशनसमोरच्या टपरीवाल्याला सुरुवातीला हा आपल्या मालाचा अपमान वाटायचा. पुढे त्याने नाद सोडला. मी मात्र एकदा विचारलंच, की सर, त्यात बटाट्याशिवाय दुसरं काय निघणार आहे?

"बटाटाच हाय, हे पायलं मी," सर म्हणाले. "तुमी नुसतं मानलं."

या माणसाबरोबर मी काही वर्षं एका कंप्युटर क्लासात शिकवत होते. नवऱ्याची रेल्वेच्या माल कचेरीत बदली झाली म्हणून आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला आलो होतो, आणि घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं म्हणून मी ती नोकरी धरली होती. क्लास म्हणजे जुनी टायपिंग इन्स्टिट्यूट. टाइपरायटर हलवून त्याच डगमगत्या टेबलांवर कंप्युटर मांडले होते. सर माझ्यापेक्षा बरेच मोठे, मार्कंड्याजवळच्या एका नदीकाठच्या गावचे, आणि त्या गावातले पहिले इंजिनिअर. पुण्यात चांगली नोकरी करून, ती सोडून आलेले. का सोडली विचारलं तर सांगायचे, की तिथे त्यांना एका भल्यामोठ्या घराची एकच खिडकी पुसायला दिली होती. घर कोणाचं, आत राहतं कोण, हे विचारायची मनाई.

त्यांना प्रत्येक गोष्टीच्या आत काय आहे ते पाहायचं असे. घरमालकाचा पाण्याचा पंप त्यांनी उघडला, माझी इस्त्री उघडली, क्लासातलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं. सगळं पुन्हा जोडून द्यायचे आणि ते चालायचं. फक्त एखादा स्क्रू उरायचा. तो कागदात बांधून मालकाच्या हाती देत आणि म्हणत, की हा कंपनीने उगाच लावला होता. त्यांच्या खोलीला कुलूप कधी नसे. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी याबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, चोराला नेण्यासारखं काही घरात आलं की लावू.

क्लासातल्या कोपऱ्यातल्या एका यंत्रावर सरांनी पेंग्विनचं चित्र असलेली, कंप्युटर चालवणारी मुक्त प्रणाली घातली होती. वडशात पेंग्विन कोणी पाहिलेला? पोरं त्याला बदक म्हणायची, म्हणून ते यंत्र बदकवाला कंप्युटर आणि सर बदकवाले सर. या नावाचं त्यांना वाईट वाटत नसे. बदक तरी पाळता येतं, म्हणायचे.

ओपन सोर्स म्हणजे काय, हे ते इर्जिकीवरून समजावून सांगत. मी बाहेरगावची असल्यामुळे आधी मला इर्जिकच समजावून द्यावी लागली. एखाद्याच्या शेताचं काम अडलं, की गावातले लोक आपापले नांगर-बैल घेऊन त्याच्या शेतात उतरतात आणि एका दिवसात काम उरकतात. मजुरी कोणी घेत नाही. संध्याकाळी मात्र सगळ्यांचं जेवण त्याच्या घरी. पुढच्या वेळी तो आपले बैल घेऊन दुसऱ्याच्या शेतात. सर म्हणत, जगभरची माणसं आता फोनच्या तारेवरून हेच करून राहिली आहेत. कोणी प्रोग्रॅमचा एक कोपरा लिहितो, कोणी दुसरा, लिहिलेलं सगळ्यांसमोर उघडं असतं, ज्याला हवं त्याने घ्यावं, सुधारावं, पुढे द्यावं.

"मजुरी नसते मॅडम, पन जेवन असते," हे ते नेहमी शेवटी जोडत. "जेवनाबिगर इर्जिक म्हंजे वेठ."

सायबर कॅफेत तासाच्या दराने बसून ते स्वतः अशी एक इर्जिक करत होते. त्या प्रणालीवर मराठी लिहिलं, की वेलांटी आपलं अक्षर सोडून शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसायची. ती जागेवर आणायच्या कामात सरांचा हात होता. कुठल्या कुठल्या देशांतली न पाहिलेली माणसं त्यांना रात्रीतून उत्तरं पाठवत, त्यांच्या दुरुस्त्या स्वीकारत, आभार मानत. सकाळी क्लासात आले की त्यांचा चेहराच सांगे, काल काहीतरी जागेवर बसलं. इतका सुखी माणूस मी वडशात दुसरा पाहिला नाही, आणि मला त्याची थोडी भीतीच वाटे.

कारण वडशात फुकट या शब्दाला काही किंमत नव्हती. तिथे सगळंच सॉफ्टवेअर फुकट होतं. चोरीचं होतं, पण फुकट होतं. बाजारात चहा-नाश्त्याच्या पैशात सीडी मिळायची आणि तिच्यात जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांची कमाई भरलेली असायची. सर कळवळून सांगत, की चोरून कशाला घेता, मी देऊन राहिलो ना. ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नसे. आमचा सगळा क्लास त्या चोरीच्या सीड्यांवर चालायचा. एक दिवस सरांनी क्लासच्या मालकाला सांगितलं, एकतर विकत घ्या, नाहीतर सगळीकडे बदक घाला. मालक म्हणाला, बदकावर पोरांना नोकरी लागत नाही. तो खोटं बोलत नव्हता. सरांनी त्याच दिवशी क्लास सोडला.

वहिनी नाटकांचे पोशाख शिवायच्या. वडशात दिवाळी सरली, की नाटक मंडळांची ऑफिसं उघडतात. गावोगावचे लोक जीप करून येतात आणि शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, किंवा मंडईच्या म्हणजे गावजत्रेच्या रात्रीसाठी नाटक ठरवून जातात. त्या सगळ्या राजांचे झगे, खलनायकांचे कोट आणि नायिकांचे घागरे यांतले कितीतरी वहिनींच्या मशीनवरून उतरलेले. सरांनी क्लास सोडला त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, तर त्या मान खाली घालून शिवत होत्या. मशीन न थांबवता म्हणाल्या, "एक हंगाम दिला यांले. होळीपर्यंत त्या बदकानं घर चालवलं त ठीक. नाई त मूलले माझ्या भावाच्या गिरनीत जावाचं."

मूल या गावी भावाची भाताची गिरणी होती आणि तिथे हिशेब पाहायला विश्वासाचा माणूस हवा होता. सरांना त्या गिरणीचा धसका होता. कोंड्याने माणूस आतून भरून जातो, असं ते एकदा मला म्हणाले होते. वहिनींनी हट्टाने काही मागितलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. घर त्यांच्या एकटीच्या मशीनवर चाललं होतं.

सरांनी हंगाम पणाला लावला तो नाटकांवरच. मंडळांची खरी डोकेदुखी म्हणजे कलाकारांच्या तारखा. एकच नायिका तीन-चार मंडळांत कामं करते. ती एका रात्री दोन गावांना कबूल झाली, की एका गावात पडदा उघडत नाही आणि दगड येतात. सरांनी प्रोग्रॅम लिहिला. कलाकाराचं नाव आणि तारीख घातली, की तो टक्कर दाखवायचा. शिवाय आज अमुक गावाला नाटक असेल तर उद्या तमुक गावाला पोचता येईल का, मधला घाटरस्ता कसा आहे, हेही सांगायचा. सगळं मराठीत, वेलांट्या जागेवर. मला तो पाहून आनंद झाला, खरंच झाला. वाटलं, हे नक्की चालेल.

पहिल्यांदा दाखवायला गेलो ते सगळ्यांत मोठ्या मंडळाच्या मालकाकडे. हा मालक धिप्पाड, मिशाळ, स्वतः नाटकात राजाचं काम करणारा, आणि ऑफिसातही सिंहासनावर बसल्यासारखा बसणारा. प्रोग्रॅम पाहून तो खूश झाला. मग सरांनी सांगितलं, की हा उघडा आहे, यात लपवलेलं काही नाही, कोणीही आतून पाहू शकतो. मालकाचा चेहरा पडला.

"म्हंजे माह्या तारखा समोरच्या मंडळाले दिसन?"

सरांनी पुष्कळ समजावलं. घर कसं बांधलं ते सगळ्यांना दाखवायचं, घरात काय ठेवलं ते नाही. मालकाने मान डोलावली, चहा मागवला आणि म्हणाला, बरं, पण मग समोरच्याला देऊ नका. सरांनी संध्याकाळपर्यंत समोरच्याला दिला. दोन-चार दिवसांत रस्त्यावरच्या सगळ्या ऑफिसांत दिला. सीडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली असायची आणि आत एक चिठ्ठी, की प्रोग्रॅम तुमचाच समजा. शिकवायला, दुरुस्तीला बोलवाल तेव्हा माझ्या वेळेचे द्या. त्यांची कमाईची सगळी मदार या एका वाक्यावर होती.

पण कोणी बोलावलं नाही. कारण तो प्रोग्रॅम बिघडतच नव्हता. सरांनी एकेक ओळ दहादा उलटसुलट करून पाहिली होती. आणि सोबतची माहिती त्यांनी इकडच्या झाडी बोलीत इतकी सोपी लिहिली होती, की ऑफिसातला चहा आणणारा माणूससुद्धा ती वाचून तारखा भरायला लागला. सर टपरीवर बसून वाट पाहायचे. एखादा मंडळवाला दिसला, की विचारायचे, चालून राहिलं ना बरोबर? तो म्हणे, एकदम फस्कलास सर. ते ऐकून सर खूश व्हायचे आणि रिकाम्या हाताने घरी जायचे.

शेवटी एकदा त्यांच्या घरी मला राहवलं नाही. मी म्हटलं, सर, थोडी कसर ठेवा. महिन्यातून एकदा अडकू दे. सगळं जग असंच पोट भरतं. ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी काही अभद्र बोलले होते.

"विहीर खोदून देताना मधातच दगड ठेवू, अन् मंग तो काढाची मजुरी मागू?"

वहिनी आतून ऐकत होत्या. त्या मशीनवरून म्हणाल्या, "चांगलं काम करता, म्हनून आपन उपाशी हाओ. मी शिवलेला झगा तरी एका हंगामात उसवते." यावर आम्हा तिघांना हसू आलं. ते घर हसत असलेलं मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

मग बाजारातल्या कंप्युटर दुकानदाराने तो प्रोग्रॅम घेतला. रंग बदलला, स्वतःचं नाव घातलं आणि त्याला कुलूप लावलं. दरवर्षी त्याच्याकडून नवा किल्ली-नंबर घेतला तरच तो चालायचा. प्रोग्रॅमसोबत दिलेल्या सरांच्या अटीत लिहिलं होतं, की बदल करून पुढे देणाऱ्याने तोही उघडाच ठेवावा. सर दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली, गार पाणी दिलं आणि म्हणाला, "तुमीच त म्हनलं सर, घ्या म्हनून. आता कोर्टात जाता का?" मग त्याने सरांना नोकरी देऊ केली. मंडळांमध्ये फिरून त्याचा प्रोग्रॅम दुरुस्त करायचा. सर उठून आले. म्हणाले, मीच खोदलेल्या विहिरीवर मला पाणी ओढायला ठेवून राहिला तो.

आणि मंडळांनी तो कुलपाचा प्रोग्रॅम विकत घेतला. धडधडीत पैसे मोजून घेतला. सरांचा उघडा आहे, त्यातून तारखा दिसतात, हे दुकानदाराने पुन्हा सगळ्यांच्या कानांत घातलं होतं. मला अजून राग येतो. कधी दुकानदाराचा, कधी मंडळांचा आणि खरं सांगायचं तर कधी सरांचाही.

शंकरपटांचा ऐन जोर होता तेव्हा एका सकाळी सगळ्या ऑफिसांतले कंप्युटरचे पडदे बंद झाले. दुकानदाराने किल्लीची मुदत घालताना चूक केली होती आणि ती हंगामाच्या मध्यातच संपली. तारखा सगळ्या आत अडकल्या. आज कोणता कलाकार कुठे, उद्या गाडी कुठे पाठवायची, कोणाला काही माहीत नव्हतं, कारण कागदावर लिहायची सवय सरांच्याच प्रोग्रॅमने मोडली होती. दुकानदार लग्नाला बाहेरगावी गेलेला. तो राजाचं काम करणारा मालक अर्धी दाढी केलेल्या चेहऱ्याने सरांच्या दारात आला. बिनकुलपाच्या त्या दारात उभा राहून त्याने हात जोडले.

सरांनी पिशवी उचलली आणि निघाले. मला निरोप आला म्हणून मीही गेले. ते आतलं उकरून काढायचे, मी तारखा वाचून ताडून पाहायची. दुकानदाराने वरचा रंग तेवढा बदलला होता, आतलं घर सरांचंच होतं, त्यामुळे त्यांना प्रत्येक दार ठाऊक होतं. एकामागून एक ऑफिसं उघडत गेली. एक नायिका त्याच रात्री दोन गावांना दिलेली निघाली. मालकाने धावतपळत दुसरी सोय केली आणि घाम पुसत सरांच्या पाठीवर हात ठेवला. ऊन कलेपर्यंत सगळ्या रस्त्यावर पुन्हा सरांचा उघडा प्रोग्रॅम चालू झाला होता. एका ऑफिसातून दुसऱ्यात जाताना सर मला म्हणाले, "मॅडम, आज जेवन हाय." त्यांनी घरी निरोपही पाठवला, की संध्याकाळचा स्वयंपाक करू नको.

संध्याकाळी सगळे मंडळवाले मालकाच्या ऑफिसात जमले. आम्ही बाकावर बसलो होतो. तेवढ्यात दुकानदार आला. हातात पेढ्यांचा पुडा, नवे किल्ली-नंबर आणि पक्की बिलं. माफी मागितली, पेढे वाटले. आणि आमच्या डोळ्यांदेखत एकेकाने नवा किल्ली-नंबर घेतला.

सरांनी विचारलं नाही. मीच विचारलं, की सरांचा चालू असताना पुन्हा कुलपाचाच का? मालक कावेबाज नव्हता. त्याने सरांकडे पाहूनच उत्तर दिलं.

"सर, तुमी देवमानूस. पन देवमानसाले जाब कसा विचाराचा? हा चोर हाय, माहीत हाय आमाले. पन हा बिल देते. उद्या बिघडलं त याची कॉलर धरता येते."

मग त्याने खण उघडला आणि अगदी प्रेमाने सरांच्या हातात दोन पास ठेवले. त्याच्या नाटकाचे, पहिल्या रांगेच्या खुर्च्यांचे. वहिनीले घेऊन या, म्हणाला.

आम्ही चालत परत निघालो. स्टेशनच्या फाटकापाशी मालगाडी जात होती म्हणून थांबावं लागलं. डबे संपेनात. सर पास खिशात चाचपत म्हणाले, "इर्जिक नाई झाली मॅडम. वेठ झाली."

घरी चूल थंड होती. वहिनींनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं, उठल्या आणि तांदूळ धुवायला घेतले. पास त्यांनी हातात घेऊन वाचले आणि मशीनच्या डब्यात टाकले. म्हणाल्या, त्या नाटकातला झगा मीच शिवला आहे, पाहिलेला आहे मी. होळीला अजून अवकाश होता. त्यांनी तो विषय काढला नाही. सरच भात कालवता कालवता म्हणाले, उद्या भावाले फोन लाव. त्या रडल्या, तेव्हा मला कळलं, की सरांनी तो हंगाम जिंकावा, असं त्यांनाही वाटत होतं.

पुढे आमची बदली झाली. बंगलोरकडे अशी कामं करणाऱ्यांना पगार मिळतो, असं नंतर वाचलं. मिळतही असेल. सरांना ते माहीत होतं, पण त्यांना ते आपल्या मुलखात राहून करायचं होतं, आणि आपल्या मुलखात ते झालं नाही, एवढंच मी पाहिलं.

काही वर्षांनी चंद्रपूरला जाताना मी मूलला उतरले. गिरणी शोधायला वेळ लागला नाही. आवाज आणि धूळ लांबूनच येत होती. सर काचेच्या केबिनमध्ये बसले होते, भुवयांवर कोंड्याची पांढरी साय. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. टेबलावर कंप्युटर होता, विकत घेतलेल्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा. मला पाहून ते उठले, खूप आनंदाने उठले. वहिनींची खुशाली सांगितली. मी सांगितलं, मंडळांत तुमचाच प्रोग्रॅम अजून चालतो, त्या दुकानदाराने आता गडचिरोलीलाही दुकान टाकलं आहे. ते म्हणाले, चालते ना, मंग झालं. मी सांगितलं, की माझ्या कंप्युटरवर आता वेलांटी जागेवर बसते. मला वाटलं, विचारतील, कुठली प्रणाली, आतून कशी आहे. मी वाट पाहिली.

तेवढ्यात हमालाने वर्तमानपत्रात बांधलेले आलुबोंडे आणून ठेवले. सरांनी एक उचलला आणि सरळ तोंडात घातला. न फोडता, न पाहता. तोंड भरलेलं असतानाच ते यंदा कनकीचे, म्हणजे तुकडा तांदळाचे, भाव कसे पडले आहेत ते मला सांगू लागले.

मी माझा आलुबोंडा हातात धरून बसले होते. मग तो मधोमध फोडला आणि उजेडात धरला. आत बटाटाच होता. सरांचं लक्ष नव्हतं.